दिगू धनेशाचा पहिला कॅमेरा

मुलांनो, मांडी घालून बसा. फोन खाली ठेवा. गोष्ट कॅमेऱ्याची आहे, पण तिचा फोटो काढायचा नाही.

एका जंगलात कॅमेऱ्यांचं एक दुकान होतं. त्या जंगलात पाणवठा एकच होता आणि तो उन्हाळ्यात आटायचा. दवाखाना नव्हता. शाळा होती, पण तिला मास्तर नव्हते. कॅमेऱ्यांचं दुकान मात्र होतं आणि ते जोरात चालायचं. यावरून ते जंगल किती पुढारलेलं होतं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

तिथे दिगू नावाचा एक धनेश राहत होता. धनेश म्हणजे तो मोठ्या वाकड्या चोचीचा पक्षी, जो उडाला की पंखांचा आवाज खालपर्यंत येतो. त्याच्या बायकोचं नाव सुगंधा. दिगू स्वभावाने गरीब. कष्टाळू. कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्यात एकच खोट होती. तो सगळं विचारून करायचा. पिकलेलं उंबर चोचीत असलं, तरी चार जणांना विचारायचा, ‘‘पिकलंय ना हो?’’ चौघांचं एकमत होईपर्यंत उंबर किडायचं.

आता धनेशांची एक रीत आहे, ती आधी सांगतो. अंडं घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत जाऊन बसते. मग ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून घेते. एक बारीक चीर तेवढी ठेवते. तिच्या पंखांतली पिसंही आत झडतात. त्यामुळे पुढचे तीन महिने तिला बाहेर पडता येत नाही. नवऱ्याने फळं आणायची, चिरेतून आत द्यायची आणि तिने ती खायची, पिल्लाला भरवायची. नवरा आला तर जेवण. नाही आला तर नाही.

पिल्लू मोठं झालं की आई भिंत फोडते. पिल्लू ढोलीच्या काठावर येतं, जरा वेळ उजेडाकडे बघतं आणि उडतं. ते डोंगरापलीकडे जातं. परत येत नाही. त्या जंगलातल्या धनेशांचं असंच होतं.

शिमगा झाल्यावर सुगंधाची आत जायची वेळ झाली. चिखलाचा पहिला गोळा लावता लावता ती थांबली.

‘‘अहो, एक मागू?’’

‘‘माग की.’’

‘‘आत काळोख असतो. पिल्लाला मी तीन महिने पंखाखाली घेऊन बसते, पण त्याचं तोंड मला दिसत नाही. उजेडात दिसतं ते शेवटच्या दिवशी, आणि तेवढ्यात ते उडतं. गेल्या वर्षीचं कसं होतं, ते मला आठवतच नाही. लोक विचारतात, तुमचं पोर कुणासारखं होतं? मी काहीतरी सांगते.’’

दिगूला भरून आलं.

‘‘त्या दिवशी त्याचा एक फोटो काढा,’’ सुगंधा म्हणाली. ‘‘एकच. मला पुरेल.’’

‘‘एवढंच ना? घेऊन टाकतो एक कॅमेरा.’’

‘‘साधासा घ्या. आपल्याला त्यातलं काही कळत नाही.’’

‘‘साधाच घेतो.’’

सुगंधाने विश्वासाने भिंत लिंपली. मुलांनो, पहिला कॅमेरा घ्यायला निघालेला प्रत्येक जण घरातून ‘साधाच घेतो’ म्हणूनच निघतो. पुढे तो कुठे पोचतो, ते आता बघू.

शेजारच्या झाडावर शेकरूमावशी राहायची. शेकरू म्हणजे मोठी, तांबूस, झुबकेदार शेपटीची खार. मावशीकडे एक जुना, चपटा, छोटासा कॅमेरा होता. त्याचं बॅटरीचं झाकण राहत नसे, म्हणून तिने त्याला वेलीची दोरी गुंडाळली होती. तो कायम तिच्या कमरेला लटकलेला असायचा. दिगूने तिला हकिकत सांगितली. मावशीने लगेच आपले फोटो दाखवले.

‘‘हा बघ माझा धाकटा. पहिल्यांदा उडी मारली आणि पडला, तेव्हाचा. ही थोरली. ही रुसली होती त्या दिवशी.’’

‘‘मावशी, हा किती मेगापिक्सेलचा आहे?’’

‘‘ते बाबा मला नाही माहीत. पण बघ की, मिशीचा केस न् केस मोजता येतो.’’ तिने कमरेचा कॅमेरा सोडला आणि दिगूच्या गळ्यात घातला. ‘‘नेच तू हा. पिल्लू बाहेर येईपर्यंत राहू दे तुझ्याकडे. हे बटण. हे दाबायचं. झालं.’’

गोष्ट इथे संपली असती, तर सगळ्यांचं भलं झालं असतं. पण मग ती गोष्ट झाली नसती आणि तुम्हाला बोधही मिळाला नसता. म्हणून परत जाताना दिगूला बगळेसर भेटले.

बगळेसर हे अरण्य छायाचित्रण मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी स्वतः काढलेला फोटो कुणी पाहिलेला नव्हता. ते इतरांचे फोटो बघत. फोटो समोर धरला की एका पायावर उभे राहून, एक डोळा मिटून, बराच वेळ बघत आणि म्हणत, ‘‘हं.’’ तो एक ‘हं’ मिळावा म्हणून मंडळाचे सभासद आयुष्य घालवत.

सरांनी मावशीचा कॅमेरा पाहिला. दोन्ही डोळे मिटले.

‘‘यावर शिकलास तर नजर कायमची बिघडेल.’’

‘‘पण सर, मला एकच फोटो काढायचाय.’’

‘‘एकच?’’ सर गंभीर झाले. ‘‘शंभर काढायचे असते, तर कुठलाही चालला असता. एकच काढायचाय म्हणजे चुकायची सोय नाही. तुला तर सगळ्यात चांगलाच हवा.’’

दिगूला हे पटलं. तुम्हालाही पटलं ना? बघा, म्हणूनच मी म्हणतो की शहाण्या माणसांपासून मुलांना लांब ठेवावं.

‘‘एक लक्षात ठेव,’’ सर म्हणाले. ‘‘कॅमेरा म्हणजे लेन्स. बाकी सगळा डबा.’’

दिगूने हे पाठ केलं आणि खात्री करायला पिंगळ्याकडे गेला. पिंगळा हे बारकं घुबड. तो मंडळाचा माजी अध्यक्ष होता. बगळेसर अध्यक्ष झाल्यापासून दोघांचं बोलणं बंद होतं. दिगूने भर दुपारी त्याला उठवलं.

‘‘लेन्स?’’ पिंगळ्याने मान पूर्ण मागे फिरवून पुन्हा पुढे आणली. ‘‘हे त्या पाण्यात उभं राहणाऱ्याने सांगितलं असेल. ढोलीच्या तोंडाशी सावली असते. तिथे लेन्स काय करणार? सेन्सर मोठा पाहिजे. माझं ऐक, अमावस्येला मुंगीचा फोटो येईल असा घे.’’

‘‘मला अमावस्येला काही काढायचं नाहीये.’’

‘‘पुढे वाटलं तर?’’

दिगू विचारात पडला. पुढे वाटलं तर काय, हा प्रश्न त्याला आजवर पडलाच नव्हता. आपण किती बेसावध जगत होतो, याचं त्याला वाईट वाटलं.

मग तो पुन्हा बगळेसरांकडे गेला. मग पुन्हा पिंगळ्याकडे. एक जण सांगायचा, दुसरा खोडायचा. सकाळी लेन्स, दुपारी सेन्सर. संध्याकाळी पाणवठ्यावर मंडळाचे सभासद जमत, तिथे दोन तट पडत आणि दिगू मधे बसून दोन्हींकडे मान डोलवे. दोन रानडुकरं सख्खी भावंडं होती. ती लेन्सवरून वेगळी झाली.

पूर्वी दिगू दिवसाला चाळीस उंबरं आणायचा. ती वीसवर आली. मग दहावर. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. वेळच मिळत नव्हता.

‘‘अहो,’’ चिरेतून आवाज यायचा, ‘‘आज उंबरं कमी आहेत का?’’

‘‘सुगंधा, सेन्सर म्हणजे काय, माहितीये तुला?’’

‘‘नाही. पाचच आहेत हो.’’

‘‘सेन्सर म्हणजे कॅमेऱ्याचा डोळा. तो जितका मोठा...’’

‘‘पिल्लाने आज डोळे उघडले.’’

‘‘हो? वा. तर तो जितका मोठा असेल, तितका उजेड जास्त.’’

‘‘त्याला पोटभर लागतं आता. रात्रभर टोचतंय मला.’’

‘‘त्याच्यासाठीच तर चाललंय सगळं,’’ दिगू म्हणाला. आणि मुलांनो, तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच वाटत होतं.

सरतेशेवटी तो दुकानात गेला. दुकान सरड्याचं होतं. सरडा फार चांगला दुकानदार होता. गिऱ्हाईक काय म्हणतं ते आधी ऐकायचा आणि मग त्याच रंगाचा व्हायचा.

‘‘मला लेन्स महत्त्वाची वाटते,’’ दिगू म्हणाला.

‘‘लेन्सच महत्त्वाची,’’ सरडा हिरवा झाला.

‘‘पण सेन्सरही...’’

‘‘सेन्सरशिवाय काही नाही,’’ सरडा तपकिरी झाला.

‘‘मी नवशिका आहे. पहिलाच कॅमेरा आहे माझा.’’

सरड्याने तीन कॅमेरे मांडले. एक नवशिक्यांचा. एक हौशींचा. आणि एक भला मोठा काळा, ज्याला हात लावायच्या आधी सरड्याने स्वतःचे पाय पुसले.

‘‘साहेब, तुम्ही नवशिके किती दिवस राहणार?’’

दिगू लाजला. ‘‘आठवडाभर.’’

‘‘मग आठवड्याने नवशिक्यांच्या कॅमेऱ्याचं करणार काय?’’

दिगूने नवशिक्यांचा कॅमेरा बाजूला सारला. त्याने काळा घेतला. पावसाळ्यासाठी साठवलेली सगळी रानजायफळं त्यात गेली. उडताना तो एका बाजूला कलायला लागला, इतका तो कॅमेरा जड होता.

‘‘गळ्यात हा जुना कशाला ठेवलाय?’’ सरडा म्हणाला. ‘‘जुना द्या, त्यावर ही बॅग न्या.’’

जुना आपला नाही, मावशीचा आहे, हे दिगूच्या मनात आलं. पण बॅगेला अकरा कप्पे होते.

ढोलीपाशी येऊन त्याने बातमी दिली. ‘‘सुगंधा, घेतला!’’

‘‘बरं झालं बाई,’’ आतून आवाज आला. तो आता बारीक झाला होता. ‘‘काही आणलंत का?’’

‘‘बॅग आणली.’’

दुसऱ्या दिवशी बगळेसरांनी नवा कॅमेरा पाहिला. ‘‘असा लगेच वापरायचा नसतो,’’ ते म्हणाले. ‘‘आधी तपासून घ्यायचा. फोटो कडेपर्यंत धारदार येतो की नाही, ते बघायचं. त्यासाठी सपाट, खरबरीत काहीतरी समोर लागतं. भिंत सगळ्यात उत्तम.’’

जंगलात भिंत कुठून येणार? दिगूने खूप शोधली. आणि मग त्याच्या लक्षात आलं की एक भिंत तर त्याच्या घरचीच आहे. आपल्या नशिबाचं त्याला नवल वाटलं.

तो समोरच्या फांदीवर बसला आणि भिंतीचे फोटो काढायला लागला. सकाळच्या उन्हात भिंत. दुपारच्या उन्हात भिंत. जवळून भिंत. डाव्या कोपऱ्यातून भिंत. प्रत्येक फोटो मोठा करून तो चिखलातला कण न् कण तपासायचा. खट्, खट्, खट्.

आत सुगंधाला आवाज ऐकू गेला. तिने चोच चिरेतून बाहेर काढली.

‘‘अहो, आमचे काढताय का?’’

‘‘तुमचे नाही गं, भिंतीचे. जरा चोच आत घे. मधे येतेय.’’

तिने चोच आत घेतली.

असे बरेच दिवस गेले. उंबरं कधी तीन यायची, कधी दोन. एक दिवस काहीच आलं नाही.

‘‘अहो, कालपासून पोटात काही नाही. पिल्लू आता रडतही नाही.’’

‘‘दोनच मिनिटं. उजेड फार सुंदर पडलाय.’’

मावशीला शेजारी राहून सगळं ऐकू यायचं. ती आपल्या घरात होती ती चार फळं घेऊन आली आणि चिरेतून आत सारली. मग दिगूकडे वळली.

‘‘माझा कॅमेरा कुठाय रे?’’

‘‘मावशी, त्याची बॅग झाली.’’

मावशीने बॅगेकडे पाहिलं. मग ती म्हणाली, ‘‘बरं,’’ आणि पुन्हा फळं शोधायला गेली. पण शेकरूच्या तोंडात फळं मावून मावून किती मावणार? धनेशाच्या घराला ती पुरली नाहीत.

अजून आठ दिवस आत राहायचं होतं. पण सुगंधाने हिशेब सोडला. त्या सकाळी तिने आतून भिंतीवर पहिली चोच मारली. चिखलाचा टवका उडाला. समोरच दिगू बसला होता, कॅमेरा डोळ्याला लावून.

‘‘अगं, हे काय? भिंत खराब होतेय!’’

दुसरा टवका उडाला. तिसरा. भोक मोठं झालं आणि त्यातून एक लहानसं डोकं बाहेर आलं. वाळलेलं, पिसं विस्कटलेली, पण डोळे लख्ख. पिल्लू काठावर येऊन बसलं. उजेडाने त्याचे डोळे दिपले. ते डोळे मिचकावत इकडे तिकडे बघायला लागलं. त्याच्यामागून सुगंधा आली. तिच्या पंखांतली पिसं अजून नीट उगवली नव्हती. ती काठाला चोचीने धरून राहिली.

‘‘काढा!’’ ती म्हणाली. ‘‘अहो, काढा लवकर!’’

शेकरूमावशी धावत आली. सवयीने तिचा हात कमरेला गेला. तिथे काही नव्हतं.

दिगूने श्वास रोखला. लेन्स रोखली. बटण दाबलं.

काही झालं नाही. कॅमेऱ्यावर अक्षरं उमटली. कार्ड भरलं आहे. एखादा फोटो पुसा.

कार्डात चारशे फोटो होते. चारशेच्या चारशे भिंतीचे.

‘‘सुगंधा, थांबव त्याला! एक पुसावा लागेल!’’

‘‘पुसा की!’’

‘‘कुठला पुसू?’’

‘‘कुठलाही पुसा हो!’’

‘‘असं कसं कुठलाही? एकशे बारावा कडेला धारदार आहे. दोनशे चाळीसाव्यात रंग बरोबर आलाय. तीनशे सहावा...’’ दिगू घामाघूम झाला. ‘‘सरांना विचारून येतो. आलोच!’’

आणि तो गेला. गळ्यात तो धोंडा घेऊन, एका बाजूला कलत, पाणवठ्याच्या दिशेने.

बगळेसर एका पायावर उभे होते. त्यांनी चारशे भिंती पाहिल्या. एकही पुसण्यासारखी नाही, असं त्यांचं मत पडलं.

दिगू परतला तेव्हा काठावर सुगंधा एकटीच होती. ती डोंगराकडे बघत होती. मावशी तिच्या शेजारी बसली होती.

‘‘गेलं?’’ दिगूने विचारलं.

मावशीने डोंगराकडे बोट दाखवलं.

मग सुगंधा म्हणाली, ‘‘दाखवा तरी, काय काढलंत ते.’’

त्याने दाखवले. तिने एकेक करून सगळे पाहिले. मधे एकदाही थांबली नाही.

‘‘यात आम्ही कुठे आहोत?’’

‘‘भिंतीच्या मागे,’’ दिगू म्हणाला. खरं तेच त्याने सांगितलं.

‘‘त्याच्या चोचीखाली एक पांढरा ठिपका होता,’’ सुगंधा म्हणाली. ‘‘डाव्या बाजूला होता की उजव्या?’’

दिगूने पाहिला नव्हता. त्याचं लक्ष अक्षरांकडे होतं. मावशी म्हणाली, ‘‘डाव्या.’’ मग जरा थांबून म्हणाली, ‘‘डाव्याच असेल.’’

मुलांनो, आता तुम्हाला वाटेल की दिगूची फजिती झाली. छे, छे. अशी कुणाची फजिती होत नसते. त्या वर्षीच्या प्रदर्शनात एकशे बाराव्या भिंतीला पहिलं बक्षीस मिळालं. फोटोला नाव दिलं होतं ‘संसार’. बगळेसरांनी तो बघून ‘हं, हं’ असं दोनदा म्हटलं. मंडळाच्या इतिहासात दुसरा ‘हं’ कुणाला मिळाला नव्हता. पिंगळासुद्धा दिवसाउजेडी येऊन बघून गेला आणि म्हणाला की यात सेन्सर दिसतो.

पुढे दिगू मंडळाचा सल्लागार झाला. नवशिके लांबून लांबून त्याच्याकडे येत. ‘पहिला कॅमेरा कसा निवडावा’ यावर तो दोन तास बोलायचा. ऐकणारे दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे, कारण निवड झालेली नसायची.

वर्ष फिरलं. पुन्हा शिमगा झाला. सुगंधा ढोलीत जायला निघाली. आधी ती शेजारच्या झाडावर गेली.

‘‘मावशी, या वर्षी पिल्लू निघेल तेव्हा तुम्ही या. नुसतं बघायला या. ठिपका असला, तर कुठल्या बाजूला आहे तेवढं लक्षात ठेवा. मीही ठेवीन. दोघींचं जुळलं, तर ते खरं.’’

मागून दिगू आला. गळ्यात काळा कॅमेरा होता. आता त्यात चार कार्डं मावत होती.

‘‘आणि मी?’’ तो म्हणाला. ‘‘मी काय करू?’’

सुगंधाने चिखलाचा गोळा चोचीत घेतला.

‘‘तुम्ही उंबरं आणा,’’ ती म्हणाली.

दिगू विचारात पडला. पिकलेली की कच्ची, हे कुणाला तरी विचारायला हवं होतं.

*

तात्पर्य : पहिला कॅमेरा निवडताना मुळीच घाई करू नये. शेजारणीने आपला दिला, तर तो जरूर घ्यावा, त्यावर बॅग मिळते. आणि घरच्यांनी किती घाई केली, तरी आधी भिंत काढावी. पिल्लं दरवर्षी होतात.